बोर्ड बदलला, विंडोजचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्या टेबलावरच्या कामाचा नूरच पालटला. एरवी गिऱ्हाईक यायचे ते मशीन स्लो झाले म्हणून, नाहीतर रॅम वाढवायला. आता येते ते एकच वाक्य घेऊन: ‘अकरा टाकून द्या.’ अकराला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. इकडे चौथ्या-सहाव्या पिढीची कितीतरी असेंबल्ड मशीन घराघरांत ठणठणीत चालू आहेत. मग कॅबिनेट, एसएमपीएस, हार्ड डिस्क, मॉनिटर तेच ठेवून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवी घालायची. सौदा गिऱ्हाइकालाही परवडतो, आपल्यालाही.

काम होते, बिल होते, मशीन घरी जाते. दुसऱ्या दिवशी फोन येतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटले आहे आणि वॉलपेपर बदलता येत नाही. ‘दादा, जुन्यावर तर ओरिजिनल होतं. तुम्ही काय केलंत?’

या प्रश्नाला आपल्या धंद्यात तीन ठरलेली उत्तरे आहेत. ‘नवीन घ्यावं लागेल.’ ‘राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.’ आणि सर्वांत जास्त ऐकू येणारे: ‘आणा इकडे, करून देतो’, म्हणजे पेनड्राइव्हवरचा ॲक्टिव्हेटर. तिन्ही उत्तरे काम झाल्यावरची आहेत. कॅबिनेटचा पहिला स्क्रू काढण्याआधी या मशीनचे लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे आणि ते नव्या बोर्डावर येणार आहे की नाही, हे पाहणारा टेक्निशियन विरळा. एसएमपीएसचे व्होल्टेज आपण न विसरता तपासतो. हजारो रुपये किमतीचे विंडोज मात्र न पाहताच पुसून टाकतो.

मुळात ‘तेच कॉम्प्युटर’ म्हणजे काय, हा वाद २५ वर्षांचा आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि घरगुती विंडोजमध्ये ॲक्टिव्हेशनची भानगड सुरू झाली. ३० दिवसांत ॲक्टिव्हेट करा, नाहीतर आत शिरता येणार नाही. त्या काळी एक्सपी मशीनमधल्या दहा गोष्टींचा ठसा घेत असे: प्रोसेसर, रॅमचा आकार, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्डाचा पत्ता वगैरे. यातल्या ठराविक संख्येपेक्षा जास्त गोष्टी बदलल्या की मशीन ‘नवे’ ठरे. नेटवर्क कार्ड कायम ठेवले तर सवलत जास्त मिळे, म्हणून जुने जाणते टेक्निशियन बोर्ड बदलताना पीसीआय नेटवर्क कार्ड काढून तेच पुन्हा लावत. शिवाय १२० दिवस उलटले की पाटी बरीचशी कोरी होई. हे हिशेब आपल्याला ठाऊक होते, कारण बर्लिनच्या फुली लायसन्ड या छोट्या कंपनीने एक्सपी बाजारात यायच्या आधीच, जुलै २००१ मध्ये, तो ठसा उलगडून जगासमोर मांडला होता.

आजचा हिशेब कंपनी तसा उघड मांडत नाही. विंडोज १० पासून ‘डिजिटल लायसन्स’ आले. मशीनची ओळख थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. त्याच मशीनवर तीच एडिशन पुन्हा टाकली तर की विचारतही नाही, नेट लागले की आपोआप ॲक्टिव्हेट होते. नुसता फॉरमॅट मारणाऱ्यांसाठी हे वरदानच आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदलले तरी सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो बोर्डाने. बोर्ड बदलला की सी००४एफ२११ हा एरर येतो, म्हणजे सर्व्हरच्या मते हे मशीन दुसरेच.

पुढचे सगळे मग लायसन्सच्या जातीवर ठरते. रिटेल, म्हणजे सुटे विकत घेतलेले विंडोज, जुन्या मशीनवरून काढून स्वतःच्याच दुसऱ्या मशीनवर नेण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिलेला आहे. ओईएम, म्हणजे मशीनसोबत आलेले, त्याचा सातबारा बोर्डाच्या नावावर असतो. बोर्ड खराब झाला आणि उत्पादकाने त्याच्या बदल्यात दुसरा दिला तर लायसन्स चालू राहते. हौसेने किंवा अकरासाठी बोर्ड बदलला तर ते जुन्या बोर्डासोबत भंगारात जाते. तिसरी जात व्हॉल्यूमची. ती कंपन्या, कॉलेजे, सरकारी कार्यालये यांच्यासाठी आहे. घरच्या मशीनवर दिसली की समजायचे, काहीतरी गोलमाल आहे.

ही जात ओळखायला पाच मिनिटे लागतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ दिली की चॅनल, कीची शेवटची पाच अक्षरे आणि स्थिती दिसते. ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ दिल्यावर कायमचे ॲक्टिव्हेशन असेल तर तसे लिहून येते. तारीख दिसली आणि चॅनलमध्ये ‘केएमएस क्लायंट’ आले, तर कोणीतरी आधीच हात मारून गेला आहे. खऱ्या केएमएसला निदान २५ मशीनचे नेटवर्क आणि स्वतःचा सर्व्हर लागतो आणि दर १८० दिवसांच्या आत त्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते. दोन खोल्यांच्या घरात असले काही नसते. हे आपण केलेले नाही, आधीपासून होते, हे गिऱ्हाइकाला त्याच क्षणी स्क्रीन दाखवून सांगायचे. फॉरमॅटनंतर सांगितले तर विश्वास कोण ठेवणार?

इथे एक खड्डा आहे आणि त्यात भले भले पडतात. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवर डीएलव्ही दिली तर चॅनल ‘रिटेल’ दाखवतो. टेक्निशियन खूश, शेवटची पाच अक्षरे जॉबकार्डावर लिहून ठेवतो. ती अक्षरे असतात प्रो एडिशनला ‘३व्ही६६टी’ आणि होमला ‘८एचव्हीएक्स७’. ही की त्या गिऱ्हाइकाची नाहीच. डिजिटल लायसन्स असलेल्या असंख्य मशीनवर हीच सर्वसाधारण की दिसते. ती जपून ठेवून काहीही साधत नाही. खाली मूळ लायसन्स ओईएम होते की रिटेल, हे स्क्रीन सांगत नाही. त्यासाठी कॅबिनेटवरचे जुने स्टिकर, डब्यातली डीव्हीडी, पहिले बिल, जे हाती लागेल ते पाहावे लागते. कॅबिनेट धुळीने माखलेले असले तरी ओल्या फडक्याने पुसू नका. स्टिकरवरची शाई तशीच अर्धी गेलेली असते. मोबाइलने फोटो काढून ठेवा.

रिटेल आहे याची खात्री पटली, तर बोर्ड काढण्याआधी मशीन गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्यायचे आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स अकाउंटशी जोडले गेल्याचे वाक्य दिसेपर्यंत थांबायचे. ही सोय ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून आहे. नवा बोर्ड लागल्यावर त्याच अकाउंटने आत जायचे, ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतेच हार्डवेअर बदलले’ निवडायचे आणि यादीतून जुने मशीन उचलायचे. जोडणी आधी केलेली नसेल तर यादी रिकामी येते आणि मग कोणताही जप कामी येत नाही.

विंडोज ७ चा रिटेल डबा घेतलेल्या माणसाची तर वेगळीच कुचंबणा आहे. सुटे विकत घेतलेल्या आवृत्तीवरून अपग्रेड केले असेल तर दुसऱ्या मशीनवर नेण्याचा हक्क शाबूत राहतो, असे विंडोज १० चा करार सांगतो. फुकट अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपली, तरी सातची की दहाच्या इन्स्टॉलेशनला पुढे कित्येक वर्षे चालत राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये तो दरवाजा बंद झाला. म्हणजे हक्क कागदावर आहे आणि सर्व्हर की घेत नाही. अशा माणसाला ‘नवीन घ्यावं लागेल’ म्हणण्याआधी जुना बोर्ड चालू असतानाच अकाउंट जोडून देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. बोर्ड मेल्यावर तेही नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी गोष्ट आणखी नाजूक आहे. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीनमध्ये की स्टिकरवर नसते, बायॉसमध्ये एमएसडीएम नावाच्या टेबलात लिहिलेली असते. चिप लेव्हलचे काम करणारे आपले मित्र बायॉस करप्ट झाला की सीएच३४१ए प्रोग्रामर लावतात, नेटवरून त्याच मॉडेलची डंप फाइल उतरवतात आणि मारतात. लॅपटॉप सुरू होतो, सगळे टाळ्या वाजवतात. पण ती डंप कोणत्या तरी दुसऱ्याच माणसाच्या लॅपटॉपची असते. तिच्यासोबत त्याचा सीरियल नंबर, त्याचा यूयूआयडी आणि त्याची विंडोज की आपल्या गिऱ्हाइकाच्या बोर्डावर येते. आपल्या गिऱ्हाइकाची खरी की कायमची गेली. वॉरंटीच्या कामाला सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर सीरियल जुळत नाही तो ताप निराळा. चिप पुसण्याआधी मूळ डंप वाचून ठेवणे, दोनदा वाचून दोन्ही फाइल जुळतात का पाहणे, आणि करप्ट डंपमधूनही एमएसडीएमचा भाग शाबूत असेल तर तो हेक्स एडिटरने काढून नव्या फाइलमध्ये बसवणे, याला अर्धा तास जास्त जातो. तो अर्धा तास बिलात लावा, हवे तर. काम तेवढे मोलाचे आहेच. आणि फ्लॅश करण्याआधी बिटलॉकर चालू आहे का पाहा. नाहीतर लायसन्स वाचेल आणि डेटा रिकव्हरी कीवाचून कुलूपबंद होईल.

दुसरी चूक आपल्या पेनड्राइव्हची आहे. दुकानात एकच ‘सगळ्यांसाठी’ प्रोचा पेनड्राइव्ह असतो. इकडे आपल्याकडे विकले गेलेले कितीतरी लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’चे आहेत. डिजिटल लायसन्स एडिशननुसार असते; सिंगल लँग्वेजच्या लायसन्सवर साधे होमसुद्धा ॲक्टिव्हेट होत नाही, प्रो तर दूरच. गिऱ्हाइकाकडे पूर्ण पैसे मोजलेले विंडोज बायॉसमध्ये बसलेले असताना आपण त्यावर प्रो टाकतो आणि मग ते चालावे म्हणून क्रॅक मारतो. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे याहून वेगळे काय असते? मायक्रोसॉफ्टच्या मूळ इन्स्टॉलरला बायॉसमधली की वाचू द्या, तो योग्य एडिशन स्वतः निवडतो.

ऑफिसबद्दल थोडे स्पष्टच लिहितो. लॅपटॉपसोबत आलेले ऑफिस पहिल्यांदा सुरू करताना एखाद्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडावे लागते. गिऱ्हाइकाला मेल आयडी आठवत नाही, पासवर्ड मुलाकडे असतो, मुलगा हिंजवडीत असतो. म्हणून काउंटरवरचा पोरगा पटकन दुकानाच्याच एका आयडीवर जोडून देतो. तो पोरगा पुढच्या दिवाळीला दुसरीकडे लागतो आणि आयडीचा पासवर्ड त्याच्यासोबत जातो. दोन वर्षांनी फॉरमॅटची वेळ येते तेव्हा त्या गिऱ्हाइकाचे ऑफिस त्याचे राहिलेले नसते. ही सवय ताबडतोब बंद करा. मुलाला फोन लावा, ओटीपी मागवा, दहा मिनिटे थांबा.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजला ‘परत करणे’ ही कल्पनाच नाही. जुन्या मशीनवरून की काढली तरी सर्व्हरला त्याची खबर नसते. टॅलीचे उलट आहे. तिथे सिंगल यूजर लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेण्याआधी पहिल्यावर ‘सरेंडर’ करावे लागते. हे न करता डिस्क पुसली की पुढचे दोन तास फोनवर जातात आणि ते नेमके जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी जातात. ॲडोबीचे सॉफ्टवेअर कितीही मशीनवर टाका, एका वेळी साइन इन दोनच मशीनवर. अँटिव्हायरसची प्रॉडक्ट की आणि नोंदणीचा मोबाइल नंबर आधी विचारून घ्या, उरलेले दिवस वाया जाणार नाहीत. (क्विक हीलची सुरुवात पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातूनच झाली, हे आपल्यातल्या नव्या मुलांना सांगायला हवे. सॉफ्टवेअरची किंमत हा ‘आपला विषय नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तर जरूर ऐकावे.)

डीटीपीवाल्यांचे दुखणे सर्वांत जुने. श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने पॅकेज, त्याला पॅरलल पोर्टचे डोंगल आणि त्यावर वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. नव्या बोर्डाला तो पोर्टच नाही. यूएसबीला लावायची प्रिंटरची कन्व्हर्टर केबल इथे बहुधा चालत नाही, कारण ती फक्त प्रिंटरची भाषा बोलते, डोंगलची नाही. पीसीआय एक्स्प्रेसचे पॅरलल कार्ड कधी चालते, कधी नाही. शिवाय डोंगलच्या ड्रायव्हरची ६४ बिट आवृत्ती असावी लागते. अशा प्रेसमध्ये जाऊन उत्साहाने ‘सगळं नवीन करून टाकू’ म्हणू नका. जुने मशीन नेट तोडून तसेच चालू ठेवा, शेजारी नवे लावा.

आता ॲक्टिव्हेटरविषयी. ‘घरगुती वापर आहे, कोण बघतंय’ असे म्हटले जाते. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्राम येतात आणि त्यातले कलम ६३बी बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी आहे: सात दिवस ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. त्याच कलमात म्हटले आहे की वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद टाळू शकते, फक्त दंड करू शकते. ही सवलत गिऱ्हाइकाला लागू पडेल. ५०० रुपये घेऊन क्रॅक मारून देणारा तर धंदाच करतो आहे. त्याच्यासाठी कलम ६३ आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ए, जे संरक्षणाचे तांत्रिक उपाय फोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. म्हणजे घरगुती वापराची ढाल गिऱ्हाइकाची आहे, आपली नाही. शिवाय ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या मशीनवर माणूस बँकेचे व्यवहार करतो तिथे कोणी लिहिले ते ठाऊक नसलेला प्रोग्राम ॲडमिनच्या हक्काने आपण चालवतो. पुढे खात्यातून पैसे गेले तर त्याला पहिले आठवेल ते आपले दुकान.

तीनशे-चारशेला मिळणाऱ्या ऑनलाइन की त्याच माळेचे मणी. कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातली की सुटी करून विकतात. आज चालते, मोजणी संपली किंवा ब्लॉक झाली की बंद. बिल मागितले तर विक्रेता गायब.

हे सगळे आपल्याला लागू, पण कंपन्यांनाही चार गोष्टी सुनावल्या पाहिजेत. त्याच कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) सांगते की प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने ती मूळ कामासाठी वापरताना किंवा नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढली तर तो भंग नव्हे. डिस्क मेली आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, यात गिऱ्हाईक चोर ठरत नाही. तरी सर्व्हर ‘नाही’ म्हणाला की त्याची दाद कुठे? ‘तेच मशीन’ कशाला म्हणायचे हा नियम कंपनी छापत नाही आणि गिऱ्हाइकाला ते समजावण्याचे काम आपल्या गळ्यात पडते, बिनपगारी.

बोलून उपयोग होतो, हे मात्र दोनदा दिसले आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये व्हिस्टाच्या करारात लायसन्स दुसऱ्या मशीनवर एकदाच नेता येईल असे कलम आले. स्वतः मशीन जोडणारे हौशी लोक इतके खवळले की नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, व्हिस्टा दुकानात यायच्या आधी, ते बदलले. २०१३ मध्ये ऑफिसच्या रिटेल लायसन्सला कायमचे एकाच मशीनला बांधले होते. मार्चमध्ये माघार घेऊन ९० दिवसांतून एकदा हलवण्याची मुभा दिली, आणि हार्डवेअर बिघडले असेल तर तेवढे थांबण्याचीही अट नाही. त्या दोन्ही वेळी ओरडणारे आपल्यासारखेच मशीन उघडणारे लोक होते. आपल्या असोसिएशनांच्या बैठकीत मार्जिन आणि ऑनलाइन विक्रीबद्दल तासन्‌तास बोलणे होते. बोर्ड बदलल्यावरच्या लायसन्सचा विषय एकदा तरी अजेंड्यावर यावा आणि वितरकांमार्फत कंपनीला लेखी विचारणा व्हावी: अकराच्या अटीमुळे बोर्ड बदलावा लागलेल्या घरगुती ग्राहकाचे ओईएम लायसन्स चालू का ठेवत नाही?

तोपर्यंत, ज्याला आज बोर्ड परवडत नाही किंवा ज्याचे ओईएम लायसन्स वाया जाईल, त्याला घाई करायला लावू नका. घरगुती विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की फुकट नोंदणी होते आणि एकच नोंदणी दहा मशीनपर्यंत चालते. आपले एक कॉम्बो तूर्त कमी विकले जाईल, हे खरे.

या अंकाच्या मधल्या पानावर जॉबकार्डाचा नमुना दिला आहे. ‘मशीनची स्थिती’ या रकान्याच्या खाली चार ओळी नव्या आहेत: चॅनल, एडिशन, जोडलेले अकाउंट, स्टिकर किंवा बिलाचा फोटो घेतला का. खाली गिऱ्हाइकाची सही आहे, काम सुरू करण्याआधीची. झेरॉक्स काढून वापरा, दुकानाचे नाव टाका. तपासणीचे शंभर-दीडशे रुपये वेगळे लावायला संकोच वाटत असेल तर लावू नका, पण ओळी भरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका.